सांगकाम्या

वाचनालयातल्या झाडू-बादल्यांच्या कपाटात
त्याला जागा मिळाली.
पुस्तकाएवढा डबा, दोन वायरी, एक हिरवा दिवा.
वाइके म्हणाली, ठेव, पण मंगळवारी
व्हॅक्युमला मला तोच प्लग लागतो.
म्हणून दर मंगळवारी अकराला
हिउमा बेटाच्या फेरीबोटी
सात मिनिटं जगातून नाहीशा व्हायच्या.

काम एवढंच होतं.
बंदरावरचा सर्व्हर म्हातारा, तिरसट,
चौघांनी एकदम विचारलं की गप्प बसतो,
बोललाच तर आपल्या काळातलं बोलतो,
कंसात कंस, त्यात आणखी कंस.
त्याच्या नि लोकांच्या मध्ये
मी एक सांगकाम्या उभा केला.
येईल त्याचं ऐकून घ्यायचं,
आत जाऊन मिनिटातून एकदाच विचारायचं,
बाहेर येऊन सगळ्यांना सोप्या शब्दांत सांगायचं:
सुटणार. उशीर. रद्द.

ओळी जेमतेम दीडशे.
निम्म्याहून जास्त, बिनसलं तर काय, याच्या.
यंत्रालाही बंदरं असतात, आकड्यांची;
याला मी आठ हजार ऐंशीवर बांधला,
खिडकीबाहेर खरा समुद्र, काठाशी गोठलेला.
तीन सेकंद वाट पाहायची, पुन्हा विचारायचं,
आणि दुसऱ्यांदाही उत्तर नाही आलं
तर मुकाट्यानं मागे फिरायचं.
(हे मला माणसांशी कधी जमलं नाही.)

शेवटी एक नियम आईचा म्हणून घातला:
दारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवू नये.
आतून काही मिळालं नाही
तर मागचं ठेवलेलं उत्तर द्यावं.

चांगला वागला तो.
रात्री मी त्याच्या नोंदी वाचत बसायचे.
पहाटे चार दहाला रोज एकच प्रश्न,
तो पावाच्या गाडीवाला रैत.
शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजची पोरं,
एका मिनिटात साठ जण,
आणि म्हाताऱ्याला उठवलं फक्त एकदा.
मला वाटलं, इतकं शहाणं
माझ्या हातून दुसरं काही झालं नाही.

मग जानेवारीतली ती वाऱ्याची रात्र.
आधी सर्व्हर पडला,
फेरी रद्द झाली ती त्यानंतर.
सांगकाम्या म्हणत राहिला, सुटणार.
चाळीस मिनिटं.
न अडखळता, अदबीनं,
प्रत्येक उत्तरावर दोनशेचा शिक्का,
म्हणजे सगळं ठीक.

हेल्डुर जनावरांचा डॉक्टर.
पलीकडच्या काठावर एक घोडी अडली होती.
बर्फातून गाडी हाकत तो हेल्टर्माच्या धक्क्यावर पोचला,
तिथे दिवा होता, वारा होता, बोट नव्हती.
फोन काढून त्यानं पुन्हा विचारलं.
सुटणार.
नोंदीत ते आहे, दहा बावन्न,
त्यानंतर दहा त्रेपन्न, दहा चोपन्न.

शिंगरू गेलं. घोडी राहिली.
बोट असती तरी राहिलं असतं की नाही,
ते त्यालाही सांगता येत नाही.

आठवड्यानं तो घरी आला,
बूट दारात ठोकून बर्फ झाडला,
कॉफी घेतली, साखर दोनदा ढवळली
आणि म्हणाला, उर्वे,
तुझ्या त्या पोराला घड्याळ कळत नाही का?

कळत होतं.
प्रत्येक उत्तर कधी आणलं
ते त्याच्यापाशी सेकंदासह लिहिलेलं होतं.
सांग, असं मीच त्याला सांगितलं नव्हतं.
शिळं असेल तरी वाढ म्हटलं होतं मी,
शिळं आहे म्हणून वाढ, असं म्हटलं नव्हतं.

चार ओळी वाढल्या.
आता तो म्हणतो: सुटणार, बारा सेकंदांपूर्वी कळलं.
पाच मिनिटं उलटली की म्हणतो: मला माहीत नाही.
हे तीन शब्द त्याच्या तोंडी घालायला
मला सगळ्यात जास्त वेळ लागला.
रैत वैतागतो. माहीत नाही म्हणायला
यंत्र कशाला हवं, विचारतो.

वाइकेनं मंगळवारसाठी लांब वायर आणली आहे.
हेल्डुर अजूनही
आधी बंदरावर फोन करतो.
बरोबर करतो.